सीईटीच्या गणितातील भूमिती : आधी लंब शोधावा

क्ष² + य² − ६क्ष − ८य = ० या वर्तुळामुळे ३क्ष + ४य = १० या रेषेवर तयार होणाऱ्या जीवेची लांबी किती, असा प्रश्न पडद्यावर आला की बहुतेक विद्यार्थी रेषेच्या समीकरणातून य ची किंमत काढतात आणि ती वर्तुळाच्या समीकरणात घालतात. त्यातून ५क्ष² − १२क्ष − ४४ = ० हे वर्गसमीकरण मिळते, त्याची उत्तरे −२ आणि २२/५ येतात, मग दोन बिंदू, मग त्यांतील अंतर, आणि शेवटी ८ हे उत्तर. उत्तर बरोबर असते, पण त्याला तीन-चार मिनिटे लागतात आणि वाटेत चिन्ह चुकण्याच्या किमान पाच जागा असतात. आता तोच प्रश्न आकृती काढून पाहावा. वर्तुळाचे केंद्र (३, ४) आणि त्रिज्या ५ आहे. केंद्रापासून रेषेचे लंब अंतर (९ + १६ − १०)/५, म्हणजे ३ आहे. त्रिज्या ५ आणि लंब ३ असल्यामुळे अर्धी जीवा ४ आणि पूर्ण जीवा ८. हे सारे अर्ध्या मिनिटात होते, आणि त्यासाठी लागणारे प्रमेय नववीतले आहे : वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो.

महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकाला २ गुण असतात आणि त्यांसाठी ९० मिनिटांचा वेळ मिळतो. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी १०८ सेकंद येतात. त्या हिशेबात पहिली रीत बसत नाही आणि दुसरी आरामात बसते. अनेक वर्षे विद्यार्थ्यांचे कच्च्या कामाचे कागद पाहिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की भूमितीच्या प्रश्नांत मुले सूत्र आठवत नाही म्हणून कमी अडतात. ती अडतात ती आकृती न काढता थेट बीजगणितात शिरल्यामुळे. या परीक्षेतील भूमितीच्या बहुसंख्य प्रश्नांत कुठेतरी एक लंब दडलेला असतो. तो लंब कोणता, हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा, एवढीच या लेखाची मुख्य सूचना आहे. पुढे ती प्रकरणाप्रकरणाने उलगडली आहे. गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते आणि तिथे चलांसाठी रोमन अक्षरे येतात. इथे त्यांच्याऐवजी क्ष, य आणि झ वापरले आहेत.

वाचताना पक्ष आणि साध्य

दहावीच्या भूमितीत प्रमेय लिहिताना आपण ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ अशा दोन ओळी लिहीत असू. बारावीत ती सवय सुटते, आणि ती सुटू नये असे मला मनापासून वाटते. पडद्यावरचा प्रश्न वाचताना कच्च्या कागदावर एका ओळीत काय दिले आहे आणि दुसऱ्या ओळीत काय काढायचे आहे, एवढे चिन्हांत लिहावे. यासाठी दहा सेकंद पुरतात. त्रिज्या विचारली आहे की व्यास, लंबपाद (लंब जिथे टेकतो तो बिंदू) विचारला आहे की प्रतिबिंब, दोन सदिशांमधला (व्हेक्टरांमधला) कोन विचारला आहे की त्या कोनाची कोज्या (कोसाइन), या गोंधळात जाणारे गुण साध्याची ओळ लिहिली तर वाचतात. प्रश्नासोबत आकृती बहुधा दिलेली नसते, म्हणून ती स्वतःच काढावी लागते. प्रमाणात काढण्याची गरज नाही. मात्र बिंदू योग्य चरणात असावा आणि रेषेचा चढ धन आहे की ऋण हे आकृतीत दिसावे.

रेषा, वर्तुळ आणि दहावीची प्रमेये

सीईटीत सुमारे २०% भार अकरावीच्या आणि ८०% भार बारावीच्या अभ्यासक्रमाला असतो. अकरावीच्या भागात रेषा आणि वर्तुळ ही प्रकरणे येतात. त्यांतील प्रश्नांना दहावीच्या ‘गणित भाग २’ मधील प्रमेयांचा जितका उपयोग होतो, तितका पाठ केलेल्या सूत्रांच्या यादीचा होत नाही. स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय घ्यावे. रेषा वर्तुळाला स्पर्श करते असे म्हटले, की केंद्रापासून त्या रेषेचे लंब अंतर त्रिज्येइतके आहे, हे एक समीकरण लगेच लिहिता येते. स्पर्शिकेच्या अटीचे वेगळे सूत्र आठवत बसावे लागत नाही. वरच्याच वर्तुळाला (१५, ९) या बिंदूतून काढलेल्या स्पर्शिकाखंडाची लांबी विचारली, तर केंद्र ते बिंदू हे अंतर १३ आहे, त्रिज्या ५ आहे आणि काटकोन स्पर्शबिंदूपाशी आहे, म्हणून लांबी १२. त्याच आकृतीतून त्या बिंदूपासून वर्तुळावरील सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दूरच्या बिंदूंची अंतरे ८ आणि १८ ही वाचता येतात.

अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो, हे प्रमेय तर अकरावीत वेषांतर करून परत येते. व्यासाची दोन टोके दिली असता वर्तुळाचे समीकरण लिहिण्याचे जे सूत्र आहे, त्यात क्ष च्या दोन कंसांचा गुणाकार आणि य च्या दोन कंसांचा गुणाकार यांची बेरीज शून्य घेतलेली असते. ते सूत्र म्हणजे वर्तुळावरील बिंदूपासून व्यासाच्या टोकांकडे जाणारे दोन सदिश एकमेकांना लंब आहेत, हे विधानच होय. एकदा हे ध्यानात आले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

त्रिकोणाचा लंबसंपात किंवा परिकेंद्र विचारले असेल, तर आधी त्रिकोण काटकोन त्रिकोण आहे का ते तपासावे. उदाहरणार्थ (१, २), (५, ५) आणि (−२, ६) हे शिरोबिंदू दिले आहेत. पहिल्या बिंदूपासून निघणाऱ्या बाजू (४, ३) आणि (−३, ४) या दिशांना जातात, त्यांचा अदिश गुणाकार (डॉट प्रॉडक्ट) −१२ + १२ = ० येतो, म्हणजे (१, २) पाशी काटकोन आहे. आता लंबसंपात (१, २) हाच आहे, आणि परिकेंद्र हा कर्णाचा मध्यबिंदू (३/२, ११/२) आहे. दोन शिरोलंबांची समीकरणे मांडून ती सोडवण्याचे सारे श्रम वाचले. काटकोन नसेल तर अर्थातच ते श्रम करावे लागतात, पण तपासायला फक्त तीन अदिश गुणाकार लागतात आणि प्रश्न तयार करणाऱ्याला सुटसुटीत आकडे हवे असल्यामुळे काटकोन पुष्कळदा निघतोही.

रेषायुग्म

हे प्रकरण लहान आहे आणि त्यावर फार वेळ घालवू नये. दोन गोष्टी मात्र पक्क्या असाव्यात. पहिली, दोन रेषांच्या संयुक्त समीकरणाच्या सर्वसाधारण रूपात मधल्या, म्हणजे क्षय च्या, पदाचा सहगुणक २ह असतो, ह नव्हे; क्ष² − ५क्षय + ६य² = ० मध्ये ह ची किंमत −५/२ आहे. दुसरी, क्ष² आणि य² यांच्या सहगुणकांची बेरीज शून्य असेल तर रेषा एकमेकींना लंब असतात, म्हणून ३क्ष² − ८क्षय − ३य² = ० पाहताच काटकोन दिसला पाहिजे. अवयव सहज पडत असतील तर सूत्राच्या मागे लागू नये. वरच्या पहिल्या समीकरणाचे अवयव (क्ष − २य)(क्ष − ३य) आहेत, चढ १/२ आणि १/३ आहेत, त्यांमधील लघुकोनाचा स्पर्शक (टॅन) १/७ आहे. त्या रेषांना आरंभबिंदूतून काढलेल्या लंब रेषांचे संयुक्त समीकरण हवे असेल, तर क्ष² आणि य² यांच्या सहगुणकांची अदलाबदल करून मधल्या पदाचे चिन्ह बदलावे : ६क्ष² + ५क्षय + य² = ०. असे का होते, हे चढ −२ आणि −३ घेऊन एकदा स्वतः गुणून पाहावे.

सदिश : आकृती आधी, घटक नंतर

बारावीच्या पहिल्या भागात रेषायुग्म, सदिश आणि ‘रेषा व प्रतल’ ही तीन प्रकरणे ओळीने येतात, आणि त्यांतील सदिश हे प्रकरण विद्यार्थ्यांना उगाच परके वाटते. वर्गात आपण ज्याला डॉट प्रॉडक्ट म्हणतो तो एका सदिशाची दुसऱ्यावर पडणारी सावली मोजतो, आणि क्रॉस प्रॉडक्ट, म्हणजे सदिश गुणाकार, दोन्ही सदिशांना लंब असणारी दिशा देतो व त्याचे परिमाण (लांबी) समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ असते. या दोन वाक्यांवर प्रकरणाचा मोठा भाग उभा आहे. अ + ब आणि अ − ब यांची परिमाणे समान आहेत असे दिले, तर वर्ग करून विस्तार करण्याआधी समांतरभुज चौकोन काढावा : त्याचे दोन कर्ण समान आहेत, म्हणून तो आयत आहे, म्हणून अ आणि ब लंब आहेत.

आकृती काढतानाही एक ठिकाणी सावध राहावे लागते. तीन सदिशांची बेरीज शून्य आहे आणि त्यांची परिमाणे ३, ५, ७ आहेत, तर पहिल्या दोहोंमधील कोन किती? तिन्ही सदिश एकापुढे एक जोडले की ३, ५, ७ बाजूंचा त्रिकोण तयार होतो आणि कोज्येच्या नियमाने ७ या बाजूसमोरचा कोन १२०° येतो. परंतु सदिशांमधील कोन त्यांच्या शेपट्या एका बिंदूत आणून मोजायचा असतो, त्रिकोणात मात्र एकाचे टोक दुसऱ्याच्या शेपटीला जोडलेले असते. म्हणून उत्तर १८०° − १२०°, म्हणजे ६०°. बीजगणिताने ताळा पाहावा : ४९ = ९ + २५ + ३० × कोज्या, म्हणून कोज्या १/२. पर्यायांत १२०° हमखास दिलेले असते.

अक्षरांत मांडलेल्या प्रश्नांत सोयीचे उदाहरण निवडण्याची युक्ती उपयोगी पडते, पण उदाहरण नको इतके सोयीचे नसावे. त्रिकोणाचा मध्यगासंपात ग आहे आणि म हा कोणताही बिंदू आहे. म पासून तिन्ही शिरोबिंदूंकडे जाणाऱ्या सदिशांची बेरीज म पासून ग कडे जाणाऱ्या सदिशाच्या किती पट? इथे म हा ग वरच घेतला तर दोन्ही बाजू शून्य होतात आणि चारही पर्याय खरे वाटतात. म एखाद्या शिरोबिंदूवर घ्यावा. उरलेल्या दोन सदिशांची बेरीज समोरच्या मध्यगेच्या दुप्पट असते, आणि ग त्या मध्यगेवर दोन-तृतीयांश अंतरावर असतो, म्हणून उत्तर ३ पट.

रेषा आणि प्रतल : इथे वेळ द्यावा

तीन मितींतील प्रश्न अवघड वाटतात, कारण कागदावर आकृती नीट काढता येत नाही. माझा आग्रह असा की खरी आकृती काढण्याचा प्रयत्नच करू नये. प्रतल म्हणजे कागदावर एक आडवी रेघ, आणि त्याचा अभिलंब म्हणजे त्या रेघेवर उभा बाण. प्रतलाच्या समीकरणातील क्ष, य, झ यांचे सहगुणक हीच त्या बाणाची दिशा. एवढ्या आकृतीत अंतर, लंबपाद, प्रतिबिंब आणि कोन हे चारही प्रश्न मावतात.

(३, १, ५) या बिंदूचे क्ष + २य − २झ − ४ = ० या प्रतलातील प्रतिबिंब काढायचे आहे असे समजू. बिंदू समीकरणात घातला की ३ + २ − १० − ४ = −९ मिळते. अभिलंब (१, २, −२) आहे आणि त्याच्या परिमाणाचा वर्ग ९ आहे. −९ ला ९ ने भागून चिन्ह बदलले की १ येते; म्हणजे बिंदूपासून अभिलंबाच्या दिशेने एक पाऊल टाकले की लंबपाद (४, ३, ३) मिळतो, आणि आणखी एक पाऊल टाकले की प्रतिबिंब (५, ५, १). लंबपाद प्रतलावर आहे का, हे ४ + ६ − ६ − ४ = ० असे लगेच तपासता येते. आता पर्याय कसे दिले जातील याचा विचार करावा. (४, ३, ३) हा लंबपाद पर्यायांत असणारच, घाईत अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्यासाठी. (१, −३, ९) हाही असेल, चिन्ह चुकवणाऱ्यासाठी. चौथा (५, ३, १) सारखा असेल, आणि तो तर सूत्राशिवायही बाद करता येतो, कारण मूळ बिंदूपासून त्याच्याकडे जाणारी दिशा (२, २, −४) ही (१, २, −२) शी प्रमाणात नाही. पर्यायांकडून उलटे जाण्याची हीच रीत आहे : बिंदू व प्रतिबिंब यांना जोडणारी दिशा अभिलंबाला समांतर असली पाहिजे आणि त्यांचा मध्यबिंदू प्रतलावर असला पाहिजे.

रेषेचे समीकरण वाचताना मोठी हानी होते. (१ − क्ष)/३ = (२य − ४)/५ = (झ + २)/४ असे दिले असेल, तर दिक् गुणोत्तरे (रेषेची दिशा सांगणारे आकडे) ३, ५, ४ नाहीत. प्रत्येक अंशात चलाचा सहगुणक आधी १ करून घ्यावा : (क्ष − १)/(−३) = (य − २)/(५/२) = (झ + २)/४. म्हणजे दिशा (−६, ५, ८) आणि रेषेवरचा बिंदू (१, २, −२). हे रूपांतर केल्याशिवाय पुढची एकही ओळ लिहू नये.

एकमेकींना न छेदणाऱ्या आणि समांतरही नसलेल्या दोन रेषांमधील, म्हणजे स्क्यू रेषांमधील, किमान अंतराचे सूत्र लांबलचक दिसते. त्याचा अर्थ मात्र एका वाक्याचा आहे : एका रेषेवरील बिंदूपासून दुसरीवरील बिंदूकडे जाणारा सदिश घ्यावा आणि दोन्ही रेषांना लंब असणाऱ्या दिशेवर त्याची सावली मोजावी. पहिली रेषा (१, ०, २) मधून (१, २, २) या दिशेने आणि दुसरी (२, ५, १) मधून (२, १, −२) या दिशेने जाते. दिशांचा सदिश गुणाकार (−६, ६, −३) येतो, तो ३ ने लहान करून (−२, २, −१) असा घ्यावा. त्याचे परिमाण ३ आहे. जोडणारा सदिश (१, ५, −१) आहे. अदिश गुणाकार −२ + १० + १ = ९, त्याला ३ ने भागले की अंतर ३. उत्तर शून्य आले असते तर रेषा एकमेकींना छेदतात असे समजावे. मात्र सदिश गुणाकारच शून्य आला तर रेषा समांतर आहेत आणि ही रीत लागू पडत नाही. तेव्हा जोडणाऱ्या सदिशाचा रेषेच्या दिशेशी सदिश गुणाकार करून त्याच्या परिमाणाला दिशेच्या परिमाणाने भागावे.

रेषा आणि प्रतल यांमधील कोनात आणखी एक खाच आहे. अदिश गुणाकाराने जो कोन मिळतो तो रेषा आणि अभिलंब यांमधला असतो. प्रतलाशी होणारा कोन त्याचा कोटिकोन असतो. म्हणून इथे कोज्येऐवजी ज्या (साइन) येते. रेषेची दिशा (१, २, २) आणि अभिलंब (२, −१, २) असेल, तर अदिश गुणाकार ४ आणि परिमाणांचा गुणाकार ९. कोनाची ज्या ४/९ आहे. कोज्या ४/९ असलेला कोन पर्यायांत शेजारीच असतो. आडवी रेघ आणि उभा बाण अशी आकृती समोर असेल तर हा घोटाळा होत नाही.

या सगळ्या प्रश्नांत आकडे सुटसुटीत यावेत म्हणून ठरावीक त्रिकुटे आणि चौकुटे वापरली जातात. (३, ४, ५), (५, १२, १३), (८, १५, १७) ही सर्वांना माहीत असतात. तीन मितींत (१, २, २) चे परिमाण ३, (२, ३, ६) चे ७, (१, ४, ८) चे ९, (४, ४, ७) चेही ९ आणि (२, ६, ९) चे ११, हेही तोंडपाठ असावे. गणकयंत्र नेता येत नसल्यामुळे याचा फायदा मोठा आहे, आणि परिमाण करणीत आले तर कुठे चिन्ह किंवा बेरीज चुकली का हे एकदा पाहावे.

वेळ आणि पर्याय

चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. पहिल्या फेरीत आकृती काढताच लंब दिसला असे प्रश्न सोडवावेत. दोन मिनिटांत मार्ग सापडला नाही तर प्रश्नाला खूण करून पुढे जावे. भूमितीचा प्रश्न दुसऱ्यांदा वाचताना पुष्कळदा लगेच सुटतो, कारण आकृती कागदावर तयारच असते. पर्यायांत प्रतलांची किंवा रेषांची समीकरणे असतील तर दिलेला बिंदू प्रत्येकात घालून पाहावा. त्यात दोन-तीन पर्याय गळतात आणि उरलेल्यांसाठी लंबाची अट तपासावी. मोठ्या समीकरणांच्या प्रश्नांत ही उलटी रीत सरळ रीतीपेक्षा निश्चितच जलद आहे. सूत्र आठवत नाही अशा वेळीही तीच आधाराला येते.

घरी सराव करताना प्रत्येक सोडवलेल्या प्रश्नाच्या समासात कोणता लंब वापरला ते दोन शब्दांत लिहावे : ‘केंद्रातून जीवेवर’, ‘त्रिज्या-स्पर्शिका’, ‘अभिलंब’, ‘दोन्ही रेषांना लंब’. त्याबरोबर एकाच आकृतीवर स्वतः प्रश्न तयार करण्याचा सराव करावा. सुरुवातीला ३क्ष + ४य = २५ ही रेषा घ्यावी आणि आरंभबिंदूतून तिच्यावर लंब टाकावा. लंबाची लांबी ५ येते आणि लंबपाद (३, ४). आरंभबिंदूचे त्या रेषेतील प्रतिबिंब (६, ८) आहे. आरंभबिंदू केंद्र मानून या रेषेला स्पर्श करणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या ५ आहे आणि स्पर्शबिंदू पुन्हा (३, ४) हाच. रेषेने अक्षांसह केलेल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ आंतरछेदांवरून ६२५/२४ येते. तेच कर्ण १२५/१२ आणि त्यावरील लंब ५ घेऊन पडताळून पाहावे.